विश्लेषण : साने गुरुजी नागरिकशास्त्र कसे शिकवत? अमळनेरच्या वसतिगृहात काय घडले?

तिसरी ते पाचवीची मुले ‘परिसर अभ्यास’ शिकतात, पुढे इतिहास आणि नागरिकशास्त्र. पुस्तकात कृती, उपक्रम, प्रकल्प सगळे असते. पण बऱ्याच घरांत हा प्रकल्प आई-बाबा रात्री बसून करतात आणि चित्रे झेरॉक्सच्या दुकानातून येतात. मुलांनी स्वतः करून शिकायचे म्हणजे काय, याचे एक उदाहरण खान्देशातच आहे, शंभर वर्षांपूर्वीचे. ते विद्यार्थी हायस्कूलचे होते, तरी चौथीच्या वर्गालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

कोकणातला तरुण खान्देशात कसा?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घरची परिस्थिती बिकट, शिक्षण ओढाताणीत झाले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तिथे मन रमले नाही. १९२४ मध्ये त्याच गावातल्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. तेव्हा आजचा जळगाव जिल्हा पूर्व खान्देश होता आणि धुळे पश्चिम खान्देश. खेड्यापाड्यांतली मुले शिकायला अमळनेरला यायची आणि शाळेच्या वसतिगृहात राहायची. या वसतिगृहाची जबाबदारी साने यांच्याकडे आली आणि तिथूनच गोष्ट बदलली.

खोल्या झाडण्यात कसले नागरिकशास्त्र?

मुले शाळेत गेली की खोल्या अस्ताव्यस्त पडलेल्या असायच्या. त्यांनी नियमांचा फलक लावला नाही, दंडही ठेवला नाही. ते स्वतः खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या करत, कंदिलाच्या काचा पुसत. मुलांना आधी गंमत वाटली, मग लाज वाटू लागली, मग मुलेच पुढे झाली. एखादा मुलगा आजारी पडला की हेच शिक्षक त्याच्या उशाशी रात्र काढत.

सार्वजनिक जागा कोणाची, तिची निगा कोणी राखायची, आजाऱ्याची काळजी ही फक्त त्याच्या घरच्यांची का, हे नागरिकशास्त्राचेच धडे. पुस्तकात ते व्याख्येने सुरू होतात. इथे ते केरसुणीने सुरू झाले. शिक्षकाने मुलांची कामे करावीत का, हा प्रश्न कोणालाही पडेल. रोजच्या रोज केली तर मुले आयतोबा होतील, हे खरेच. पण मुलांनी काम हाती घेईपर्यंत ते करून दाखवणे वेगळे.

‘छात्रालय’ दैनिक काय होते?

सगळ्यात नवलाची गोष्ट हीच. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढत. नाव ‘छात्रालय’. रात्री मुले झोपली की लिहायला बसायचे आणि सकाळी ते मुलांना वाचायला मिळायचे. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरामोठ्यांची चरित्रे असत आणि वसतिगृहात काल काय झाले, कोण कुठे चुकले, कोणी काय चांगले केले, हेही असे.

एकाच कागदावर जगाची बातमी आणि शेजारच्या खोलीतली बातमी! आपण ज्या खोलीत राहतो तीही समाजाचाच भाग आहे, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. सरकारमान्य पुस्तकात स्वातंत्र्यलढ्याला जागा मिळणे त्या काळी शक्य नव्हते, या कागदावर ती होती. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले आणि हाच मजकूर अमळनेरबाहेरच्या मुलांपर्यंत जाऊ लागला.

चौथीच्या वर्गात असे भित्तिपत्रक काढायला एक कोरा कागद आणि स्केचपेन पुरते. गावात टँकर कधी आला, बाजारात कापसाला काय भाव मिळाला, शाळेचा नळ कोणी दुरुस्त केला, हे मुलांनी विचारून आणायचे. लिहायचेही मुलांनीच. गुरुजींचे दैनिक मुख्यतः त्यांच्याच हातचे होते, ही त्याची मर्यादा मानली पाहिजे.

मग नोकरी का सोडली?

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मुलांना रोज देशाबद्दल लिहून द्यायचे आणि आपण मात्र पगारावर बसून राहायचे, हे त्यांना जमेना. मायेने वाढवलेली मुले सोडून जाणे सोपे नव्हते, तरी त्यांनी शाळा सोडली आणि ते लढ्यात उतरले. शिक्षकाची नोकरी जेमतेम सहा वर्षांची, ‘गुरुजी’ हे नाव मात्र कायमचे राहिले.

तुरुंगात शिक्षण थांबले का?

उलट इथे गुरुजी विद्यार्थी झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी १८ प्रवचने झाली. ती गुरुजींनी भरभर उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली.

पुढे काय?

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. त्यासाठी गुरुजींनी खान्देश पिंजून काढला. नंतर ते शेतकरी आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांत राहिले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ साप्ताहिक निघाले.

शेवटच्या काळात त्यांच्या मनात ‘आंतरभारती’ होती. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथल्या लोकांत राहावे, अशी ती कल्पना. म्हणजे अमळनेरचे वसतिगृहच, पण देशाएवढे. ते उभे राहण्याआधी, ११ जून १९५० ला, गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपवले. तेव्हा ते ५० वर्षांचे होते.