बॉबी तल्यारखान

अर्देशर फुर्दोरजी सोहराबजी तल्यारखान ऊर्फ बॉबी तल्यारखान (१८९७ – १९९०) हे भारतातील आद्य क्रिकेट समालोचक आणि मुंबईतील ज्येष्ठ क्रीडापत्रकार होते. ए. एफ. एस. टी. या आद्याक्षरांनीही ते ओळखले जात. भारतात नभोवाणीवरून क्रिकेटचे नियमित धावते वर्णन करणारे ते पहिले समालोचक मानले जातात.

समालोचनाचा प्रारंभ

पारशी समाजात जन्मलेल्या तल्यारखान यांनी १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरील पारशी विरुद्ध मुस्लिम या चौरंगी सामन्याचे इंग्रजीतून धावते वर्णन केले. १९३७ मध्ये इतरेजनांचा संघ सामील झाल्यावर ही स्पर्धा पंचरंगी झाली. त्याच वर्षी ब्रेबर्न स्टेडियम खुले झाले. मुंबईत या सामन्यांना मोठी गर्दी लोटे. ज्यांना मैदानावर जाणे शक्य नसे, त्यांच्यासाठी तल्यारखान यांचा आवाज हाच सामना असे.

शैली आणि श्रोत्यांशी नाते

तल्यारखान एकट्यानेच समालोचन करीत. उपाहार व चहापानाची वेळ वगळता दिवसभर ते अखंड बोलत असत. भारदस्त आवाज, रंगतदार निवेदन आणि रोखठोक मते ही त्यांची वैशिष्ट्ये होती. वृत्तपत्रातून धावसंख्या दुसऱ्या दिवशी कळत असे. निकाल ठाऊक नसतानाची उत्कंठा मात्र नभोवाणीच देऊ शके. श्रोत्याला चेंडू दिसत नसल्याने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नसे. वर्षानुवर्षे तोच आवाज ऐकल्याने हा विश्वास दृढ झाला. खेळाडू बदलले, तरी सांगणारा तोच राहिला, आणि त्यामुळे क्रिकेटप्रेमींना तो आपल्या घरातला वाटू लागला.

सांप्रदायिक क्रिकेटला विरोध

ज्या स्पर्धेने तल्यारखान यांना कीर्ती मिळाली, तिचे संघ धर्मानुसार विभागलेले होते. १९४० च्या दशकात देशातील सांप्रदायिक तणाव वाढत असताना त्यांनी अशा संघरचनेविरुद्ध लेखन केले. पंचरंगी स्पर्धा १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद झाली.

आकाशवाणीपासून फारकत

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारत दौऱ्यावर आला असता आकाशवाणीने एकाऐवजी तीन समालोचक नेमण्याचे ठरविले. ही व्यवस्था तल्यारखान यांना मान्य नव्हती व त्यांनी समालोचन सोडले. आळीपाळीने बोलण्याच्या पद्धतीमुळे एका व्यक्तीवरील ताण कमी झाला आणि श्रोत्यांना निरनिराळी मते ऐकू येऊ लागली; तथापि संपूर्ण सामना एकाच आवाजात ऐकण्याची परंपरा त्याबरोबर खंडित झाली. पुढे ते समालोचनाकडे क्वचितच परतले.

पत्रकारिता व वारसा

त्यानंतरही तल्यारखान यांचे क्रीडालेखन दीर्घकाळ चालू राहिले. ब्लिट्झ व मिड-डे या नियतकालिकांतील त्यांचे स्पष्टवक्ते स्तंभ वाचकप्रिय होते. १९९० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. आकाशवाणीवरून पुढे मराठीतही क्रिकेटचे समालोचन होऊ लागले आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठी श्रोत्यांशी तसेच जिव्हाळ्याचे नाते जोडले. भारतात या परंपरेचा पाया तल्यारखान यांनी घातला.