घटक ५ : अण्णासाहेब किर्लोस्कर – मित्रमेळा आणि मराठी संगीत नाटक

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या जीवनाचे महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• किर्लोस्करपूर्व नाटकातील गाणे आणि किर्लोस्करांच्या नाटकातील गाणे यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संगीत नाटकाच्या निर्मितीत अण्णासाहेबांच्या सहकाऱ्यांचा वाटा विशद करता येईल.
• नाट्यपदातील भावसत्य म्हणजे काय, याचे विवेचन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भंडारा जिल्ह्यातील सानगडी-साकोलीचा परिसर हा झाडीपट्टीचा भाग आहे. दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होते. रंगमंचापुढे पेटी-तबला असतो. नायिकेवर दुःख कोसळते तेव्हा ती बोलता बोलता गाऊ लागते आणि समोरच्या गर्दीतील कोणालाही त्यात काही विपरीत वाटत नाही. ज्याचे दुःख त्यानेच गावे, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिलाही एक इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. मराठी रंगभूमीवर पूर्वी असे नव्हते. हा बदल ज्यांच्या नाटकांमुळे स्थिर झाला, त्या बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे चरित्र या घटकात आपण अभ्यासणार आहोत. हे चरित्र एका व्यक्तीचे असले, तरी त्यातील कार्य एकट्याचे नाही. काही स्नेही एकत्र आले, एकमेकांचे गळे आणि स्वभाव ओळखून त्यांनी गाणे रचले, असा हा वृत्तान्त आहे.

५.३ बालपण, शिक्षण आणि नोकरी

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी, १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले आणि तेथून मराठी नाटकाची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. एका परंपरेचा आरंभ आणि तिला नवे वळण देणाऱ्याचा जन्म एकाच वर्षी व्हावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सीमाभागातील बालपणामुळे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा त्यांच्या कानांवर सारख्याच पडल्या. घराबाहेर पडताच कानडी गीतांच्या चाली, देवळात कीर्तनातील साकी-दिंडी, तर अन्यत्र लावणीचा ठेका, अशी विविध नादांची शिदोरी त्यांना लाभली. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने येथे एक गोष्ट टिपावी. दुसऱ्या भाषेतील गीताची चाल मनात घोळवणारा माणूस शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि आघात सूक्ष्मपणे जोखू लागतो, कारण परकी चाल आपल्या शब्दांना सहजासहजी स्वीकारत नाही. पुढे मराठी पद बांधताना हीच जाण त्यांच्या उपयोगी पडली.

शिक्षणासाठी ते पुण्यास आले. तेथे पाठ्यपुस्तकांपेक्षा नाटकमंडळ्यांचे आकर्षण बलवत्तर ठरले. मंडळ्यांसाठी पदे रचून देणे आणि स्वतःची मंडळी उभारू पाहणे, यांत त्यांची विद्यार्थिदशा सरली. त्यानंतर काही काळ त्यांनी बेळगावला शिक्षकाचे काम केले. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे तेथील विद्यार्थी. पुढे अण्णासाहेबांनी सरकारी नोकरी पत्करली. १८७३ मध्ये त्यांनी ‘शांकरदिग्जय’ हे नाटक लिहिले. तथापि, त्यांची खरी वाट त्यांना अद्याप सापडली नव्हती.

५.४ किर्लोस्करपूर्व नाटकातील गाणे

अण्णासाहेबांनी काय बदलले हे समजण्यासाठी आधीची पद्धत पाहणे आवश्यक आहे. भावे यांच्या परंपरेतील नाटकात गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. कथानक तो पद्यातून पुढे नेई. पात्रे मधूनमधून उत्स्फूर्त गद्य भाषण करीत. सीतेचा शोक असो की रामाचा क्रोध, त्याचे गाणे सूत्रधाराच्या मुखातून येई. त्यामुळे गीत हे पात्राचे मनोगत न राहता पात्राविषयीचे निवेदन होई. श्रोत्याला कथा कळत असे, परंतु भावनेचा धनी आणि भावना गाणारा हे दोघे वेगळे राहत.

५.५ ‘शाकुंतल’ आणि मित्रमेळा

१८८० साली अण्णासाहेब पुण्यात होते. त्या सुमारास पारशी मंडळींच्या ‘इंद्रसभा’ या गीतप्रधान नाटकाचा प्रभाव त्यांच्यावर पडला आणि तसे संगीतमय नाटक मराठीत का असू नये, असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगितले जाते. त्यांनी महाकवी कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ निवडले. या नाटकाची मराठी भाषांतरे पूर्वी झाली होती. अण्णासाहेबांचे काम निराळे होते. संस्कृत श्लोकांतील आशय त्यांना मराठी गळ्यातून गाववून घ्यायचा होता.

येथे त्यांचे सहकारी महत्त्वाचे ठरतात. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि शंकरराव मुजुमदार ही मंडळी त्यांच्याभोवती जमली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा दुष्यंत झाले, बाळकोबा कण्व आणि शंकरराव शकुंतला. अण्णासाहेब स्वतः सूत्रधार म्हणून उभे राहिले. मात्र हा सूत्रधार नांदी-प्रस्तावना आटोपून बाजूला होणारा होता. पुढचे गाणे पात्रांचे होते.

पहिला प्रयोग चौथ्या अंकाशी थांबला, या तपशिलाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. चौथा अंक म्हणजे शकुंतलेची पाठवणी. संसाराचा त्याग केलेला ऋषी, पोटची नव्हे तर सांभाळलेली मुलगी सासरी जाताना व्याकूळ होतो. एरवी सूत्रधाराने गायिले असते ते कण्वाचे दुःख आता कण्व स्वतः गात होता. मुलीची पाठवणी केलेल्या प्रेक्षकाला ते परके वाटणे शक्य नव्हते. ज्या प्रसंगावर प्रयोग संपला, तोच प्रसंग नव्या पद्धतीची खरी कसोटी होता.

पूर्ण सात अंकी ‘शाकुंतल’मध्ये सुमारे दोनशे पदे आहेत. ही संख्या आज अवाढव्य वाटेल. परंतु ती पदे बहुतांशी आटोपशीर होती. साकी, दिंडी, कामदा यांसारखे परिचित छंद, कीर्तनातील आणि लावणीच्या वळणाच्या चाली, कानडी गीतांचे ढंग आणि हिंदुस्थानी राग या साऱ्यांचा त्यांत मेळ आहे. संवादाच्या ओघात पद येई आणि ओघ न मोडता पुन्हा संवाद सुरू होई.

आपली प्रगती तपासा – १
(१) किर्लोस्करपूर्व नाटकात गाण्याचा मुख्य भार कोणावर असे?
(२) ‘शाकुंतल’च्या पहिल्या प्रयोगात कण्वाची भूमिका कोणी केली?

५.६ ‘सौभद्र’ : गळ्यांसाठी लिहिलेले नाटक

१८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून मंडळीत दाखल झाले. उंच, तेजस्वी आवाजाच्या या तरुणाने मंडळीचे रूप पालटले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. संपूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये झाले. भाऊराव सुभद्रा आणि मोरोबा अर्जुन अशी ही जोडी होती.

‘शाकुंतल’मध्ये आधार कालिदासाचा होता. ‘सौभद्र’चे कथाबीज महाभारतातील असले, तरी रचना सर्वस्वी अण्णासाहेबांची आहे. आपल्या मंडळीत कोणाचा गळा कसा आहे, हे ठाऊक असताना त्यांनी हे नाटक रचले. बलरामाला सुभद्रा दुर्योधनास द्यायची आहे, तिचे मन अर्जुनावर जडले आहे आणि कृष्ण हसतमुखाने साऱ्यांना खेळवतो आहे. द्वारकेतील हे कुटुंब वाचताना मराठी घराचा भास होतो. भावाच्या शब्दापुढे मुलीच्या इच्छेला किंमत नसणे, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाला पुराणातून शिकावी लागत नव्हती. म्हणूनच सुभद्रेच्या पदांतील तगमग त्याला खरी वाटली.

भावसत्याचा विचार येथे करावा. नाट्यपदाचे सत्य केवळ रागशुद्धतेत नसते. हे शब्द या पात्राने, या क्षणी, याच सुरात उच्चारावेत असे वाटणे, म्हणजे पदातील भावसत्य. त्यासाठी कवीला नटाचा आवाज माहीत असावा लागतो आणि नटाला कवीचा हेतू उमगावा लागतो. कवी, तालीम देणारा आणि स्वतः रंगमंचावर उभा राहणारा नट या तिन्ही नात्यांनी अण्णासाहेब सहकाऱ्यांसोबत होते. त्यामुळे लेखणी आणि गळा यांत अंतर राहिले नाही.

५.७ अखेरचे दिवस आणि वारसा

१८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक रंगभूमीवर आले. हे नाटक मात्र पूर्ण होऊ शकले नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच अण्णासाहेबांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४२ वर्षांचे होते. पहिल्या ‘शाकुंतल’ प्रयोगास जेमतेम पाच वर्षे झाली होती.

मंडळी मात्र टिकली. भाऊरावांनी १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे नाव गाजवले. शंकरराव मुजुमदारांनी पुढे तिची व्यवस्था सांभाळली. बेळगावचे विद्यार्थी देवल यांनी गुरूचा वारसा ‘संगीत शारदा’पर्यंत (१८९९) नेला आणि जरठ-कुमारी विवाहाच्या ज्वलंत प्रश्नाला गाण्यातून वाचा फोडली. १९०५ मध्ये याच मंडळीत बालगंधर्व आले.

या वारशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पुढील काळात पदांचा विस्तार वाढला. एका पदावर दीर्घकाळ गायन चालू लागले, ‘वन्समोअर’ मिळू लागले आणि कथानक थांबून राहू लागले. पात्र मागे पडून गायक पुढे आला. ज्याचे दुःख त्याने गावे म्हणून आणलेले गाणे, काही वेळा त्या दुःखालाच विसरले. हा दोष अण्णासाहेबांच्या पद्धतीचा की तिच्या अतिरेकाचा, याविषयी आपण स्वतः विचार करावा. पदांची विपुलता त्यांच्याच नाटकांत होती, हे मान्य करावे लागते. तथापि, त्यांचे पद प्रसंगाशी बांधलेले होते, हेही तितकेच खरे आहे.

५.८ सारांश

अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) यांनी ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ आणि अपूर्ण ‘रामराज्यवियोग’ या नाटकांद्वारे मराठी संगीत नाटकाला स्थिर रूप दिले. सूत्रधाराकडचे गाणे त्यांनी पात्राकडे सोपविले. विविध लोकचाली आणि राग यांतून त्यांनी प्रसंगानुकूल पदे रचली. मोरोबा, बाळकोबा, शंकरराव आणि भाऊराव या सहकाऱ्यांच्या गळ्यांतून ती पदे साकारली. रचणारा आणि गाणारा यांच्यातील निकट परिचय हे या संगीताच्या खरेपणाचे एक प्रमुख कारण होय.

५.९ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे
(१) सूत्रधारावर. (२) बाळकोबा नाटेकर यांनी.

५.१० स्वाध्याय

(१) किर्लोस्करांच्या नाटकांमुळे मराठी नाटकातील गाण्याच्या स्वरूपात झालेला बदल सोदाहरण स्पष्ट करा.
(२) ‘सौभद्र’च्या यशात मंडळीतील सहकाऱ्यांचा वाटा विशद करा.
(३) उपक्रम : आपल्या परिसरात होणारे एखादे नाटक किंवा दंडार पाहा. त्यातील कोणते गाणे पात्राच्या मनातून उमटते आणि कोणते केवळ रंजनासाठी येते, याची कारणांसह नोंद करा.