संत गोरोबाकाका : तेरचे कुंभार, संतांचे परीक्षक

वारकरी संतांच्या मेळ्यात संत गोरा कुंभार हे वयाने वडील. त्यामुळे सर्व संत त्यांना आदराने काका म्हणत. परंपरेनुसार त्यांचा जन्म शके ११८९ मध्ये, म्हणजे इ.स. १२६७ मध्ये, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी झाला. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल रोमपर्यंत जात असे. गावातील लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील भाजक्या मातीच्या मूर्ती आणि भांडी ठेवली आहेत. गोरोबाकाकांच्या कितीतरी आधीपासून तेरणाकाठच्या मातीला कुंभाराचा हात लागलेला होता.

कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला माठ, घागरी, रांजण, पणत्या पुरवायच्या आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. काम वर्षभर आणि वसुली एकदा, तीही पीक आले तर! वाणिज्य शिकताना आम्ही उधारीचे नियम पाठ करतो; या माणसांनी त्या उधारीवर संसार केले.

कुंभारकाम म्हटले की आपल्याला फिरते चाक आठवते. पण चाकावरचे काम बरेच नंतरचे. आधी माती आणायची, खडे वेचायचे, ती भिजत घालायची, तिच्यात राख किंवा लीद मिसळायची आणि मग चिखल पायांनी तुडवत राहायचे. एखादा खडा राहिला तर मडके आव्यात तडकते. या कामात पाय गुंततात, मन मात्र मोकळे राहते. गोरोबाकाकांनी ते मन विठ्ठलाच्या नामाला देऊन टाकले होते.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग याच चिखलात घडला. पत्नी संती पाण्याला गेली. जाताना तिने रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवायला त्यांना सांगितले होते. काका चिखल तुडवत नामात बुडाले. मूल रांगत त्या चिखलात आले आणि पायांखाली तुडवले गेले. त्यांना कळलेसुद्धा नाही. संती परतली तेव्हा चिखल लाल झाला होता.

हा प्रसंग पुष्कळदा केवळ भक्तीच्या तल्लीनतेचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला तो तेवढाच वाटत नाही. संतीचा आक्रोश खरा आहे आणि तिचा रागही. परंपरेनेही तो लपवलेला नाही. तिने पतीला आणि विठ्ठलालाही बोल लावले. भजनात खंड पडला म्हणून चिडून काका तिच्यावर धावून गेले, तेव्हा तिने विठ्ठलाची शपथ घालून त्यांना अंगाला हात लावण्यास मनाई केली. काका तिथेच थांबले आणि ती शपथ त्यांनी पुढे कधी मोडली नाही.

वंश पुढे चालावा म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. पण सासऱ्यांनी दोघींना सारखेच वागवा असे बजावले होते, म्हणून काकांनी रामीलाही स्पर्श केला नाही. एका रात्री झोपेत दोघींनी त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जाग येताच शपथ मोडली म्हणून त्यांनी आपले हातच तोडून टाकले. कुंभाराने हात तोडणे म्हणजे पोट तोडणे. त्या काळात साक्षात पांडुरंग विठू कुंभार होऊन त्यांच्या घरी मडकी घडवत राहिला, असे महिपतींनी आपल्या भक्तिविजयात सांगितले आहे. पुढे पंढरपुरात नामदेव महाराजांच्या कीर्तनात सर्वांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, काकांनीही थोटे हात वर केले, आणि त्यांना हात फुटले. मूलही रांगत आईकडे आले.

येथे एक नवल सांगावेसे वाटते. तमिळनाडूत चिदंबरमचे तिरुनीलकंठ नायनार हेही कुंभारच. बाराव्या शतकातील पेरियपुराणात त्यांची कथा आहे. त्यांच्या पत्नीनेही शिवाच्या नावाने शपथ घालून स्पर्शाला मनाई केली आणि त्यांनी ती म्हातारपणापर्यंत पाळली. पुढे कावेरीकाठच्या तंजावर, कुंभकोणम, पापनाशम या भागात १६७६ ते १८५५ मराठ्यांचे राज्य होते. तिकडच्या भजनपरंपरेत मराठी अभंग आजही गायले जातात. १९४८ साली गोरोबाकाकांच्या जीवनावर 'चक्रधारी' हा तमिळ चित्रपटही निघाला.

दुसरा प्रसिद्ध प्रसंग परीक्षेचा. ज्ञानेश्वर महाराज, नामदेव महाराज आणि इतर संत काकांच्या घरी जमले होते. मुक्ताबाईंची नजर कोपऱ्यातल्या थापटण्यावर गेली. मडके ओलसर असताना आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून या लाकडी थापटण्याने हलके ठोकत त्याची भिंत पातळ करायची, असे हे साधन. ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून पक्के आणि कच्चे मडकेही ओळखता येते. मग इथे जमलेल्या मडक्यांत कच्चे कोण ते पाहा, असे मुक्ताबाईंनी सुचवले. काका थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला, ते रागावले. काकांनी निकाल दिला की हे मडके अजून कच्चे आहे.

पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो अशी ज्यांची ख्याती, त्यांना हे ऐकावे लागले! नामदेव पंढरपूरला जाऊन विठ्ठलापाशी रडले, पण देवानेही काकांचाच निकाल कायम ठेवला आणि गुरू करायला सांगितले. त्यानंतर नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. कच्चे मडके कुंभार फेकून देत नाही, आव्यात घालतो. काकांनी नामदेवांचे हेच केले.

शके १२३९ मध्ये, म्हणजे इ.स. १३१७ मध्ये, चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांनी तेर येथेच देह ठेवला. तेरणेच्या काठी काळेश्वर मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. दर वर्षी चैत्र वद्यात तेथे यात्रा भरते.