तीन दिवसांची मुदत : सम्राट अशोक आणि जीवन-मरणाचा निर्णय

आपल्या पराक्रमाची प्रशस्ती कोरवून घेणारे राजे भारतात पुष्कळ होऊन गेले. आपण मिळवलेल्या विजयात किती माणसे मेली हे खेदपूर्वक दगडावर कोरवणारा राजा मात्र सम्राट अशोकांखेरीज दुसरा आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या चरित्रावर आजवर विपुल लेखन झाले आहे. आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी आम्ही त्या चरित्राची एकच बाजू निवडली आहे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे जगणे-मरणे अवलंबून असते, त्याने तो शब्द कसा उच्चारावा, या प्रश्नाशी अशोक आयुष्यभर झगडत राहिले. त्या झगड्याची नोंद त्यांच्याच शिलालेखांत उपलब्ध आहे.

अशोक हे चंद्रगुप्त मौर्यांचे नातू आणि बिंदुसारांचे पुत्र. इ. स. पू. २६८ च्या सुमारास त्यांचा राज्याभिषेक झाला. सिंहासनासाठी त्यांनी नव्याण्णव भावांची हत्या केली, अशी कथा सिंहली ग्रंथांत आहे. पण त्यांच्या पाचव्या शिलालेखात, राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यानंतर, भावा-बहिणींच्या कुटुंबांचा उल्लेख येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दंतकथा आणि समकालीन पुरावा यांतील हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. धम्माचा प्रभाव उठून दिसावा म्हणून पूर्वायुष्य अधिक काळे रंगवण्याचा मोह उत्तरकालीन लेखकांना झाला असावा. अशोकांच्या परिवर्तनाला अशा रंगाची गरज नाही. कलिंगाचे युद्ध त्यासाठी पुरेसे आहे.

राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी हे युद्ध झाले. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख रणात मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट पुढे मरण पावली, असे तेराव्या शिलालेखात नमूद आहे. हे आकडे ढोबळ असतील. आमच्या मते महत्त्वाची आहे ती मोजण्याची रीत. रणांगणावर पडलेल्यांपाशी ही मोजदाद थांबत नाही. मागाहून मेलेले, बंदी करून नेलेले, आणि स्वतः सुखरूप असूनही आप्तमित्रांच्या दुःखाने पोळलेले लोकही या हिशेबात येतात. अशी हानी आता शतांशाने किंवा सहस्रांशाने झाली तरी ती आपणास दुःखदायक वाटेल, असा त्या लेखाचा आशय आहे. युद्धाचा निर्णय घेणारा सहसा सैनिक मोजतो. अशोकांनी त्या निर्णयाची झळ पोहोचलेली घरे मोजली.

वर्गात हा धडा शिकवताना एक प्रश्न हमखास विचारला जातो. एवढा पश्चात्ताप झाला होता, तर कलिंग परत का दिले नाही? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. कलिंग मौर्य राज्यातच राहिले. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासी जमातींना, पश्चात्ताप झाला असला तरी राजाचे सामर्थ्य शाबूत आहे, असा इशाराही दिलेला आहे. शिवाय कलिंगातील धौली आणि जौगड येथे हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. जखम ताजी असलेल्या लोकांपुढे ते आकडे ठेवणे सम्राटांना उचित वाटले नसावे, असे इतिहासकारांचे अनुमान आहे. तेव्हा अशोक एका रात्रीत संत झाले, ही समजूत सोडून द्यावी लागते. ते राजेच राहिले. राजा राहून हिंसा किती कमी करता येईल, हा मार्ग त्यांनी शोधला.

तो मार्गही सावकाश उलगडला. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उद्यम केला नाही, असे त्यांनी लघुशिलालेखात प्रांजळपणे नोंदवले आहे. पुढे संघाशी जवळीक वाढली. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ते संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेला गेले. त्याची हकीकत आठव्या शिलालेखात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तीत मृगया चाले. अशोकांनी तिच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धम्मचर्चा, हा तिचा कार्यक्रम होता.

या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या परिसरात सापडला, ही गोष्ट ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावी. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. शिलालेखाचा तो तुकडाही तेथलाच. १९५६ साली, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनाच्याच वर्षी, नवव्या लेखाचाही तुकडा त्या परिसरात मिळाला. आठव्या लेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नालासोपारा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यातच होते. दिव्याहून वसईला गाडीने गेले की पुढे नालासोपारा हाकेच्या अंतरावर येते. त्या काळी सोपारा हे अपरान्ताचे मोठे बंदर होते. पुढील शतकांत कल्याणही तसेच भरभराटीला आले आणि तेथील व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दिलेली दाने शिलालेखांत कोरली गेली. देशोदेशीची माणसे जेथे उतरत, अशा बंदरात शिकारीचा त्याग केलेल्या राजाचा शब्द दगडावर वाचायला मिळत होता.

शिकार हा केवळ करमणुकीचा विषय नव्हता. दुसऱ्याचा जीव घेणे हा ज्याचा सहज हक्क मानला जाई, त्याने तो हक्क आपण होऊन आखडता घेतला. राजवाड्याच्या पाकशाळेचे उदाहरण असेच आहे. तेथे पूर्वी रोज हजारो प्राणी मारले जात. पहिला शिलालेख लिहिला गेला तेव्हा ही संख्या दोन मोर आणि एक हरीण यांवर आली होती, आणि तीही पुढे थांबेल असे त्यात सांगितले आहे. एका फटक्यात सर्व बंद केल्याचा दावा सम्राटांनी केला नाही. जे अजून उरले आहे तेही त्यांनी लिहून ठेवले. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, विहिरी आणि वाटेवरची झाडे यांची नोंद आहे. मारणे कमी करणे आणि जगवण्याची व्यवस्था वाढवणे, ही दोन्ही कामे सोबतच चालली होती.

तथापि राजा एकटा राज्य करीत नाही. तुरुंगात टाकणे, छळणे, ठार करणे हे अधिकाऱ्यांच्या हातून घडते. म्हणून कलिंगातील तोसलीच्या महामात्रांसाठी अशोकांनी वेगळे लेख कोरवले. सर्व प्रजाजन आपली लेकरे आहेत, अशी त्यांची भूमिका त्यांत आहे. कारणाशिवाय कोणास बंधन वा यातना होऊ नयेत, अशी ताकीद आहे. अधिकाऱ्याच्या हातून अन्याय का होतो, याची मीमांसाही तेथे सापडते. मत्सर, संताप, निष्ठुरता, घाई, अभ्यासाचा अभाव, आळस आणि थकवा ही ती कारणे होत. त्यांतही संतापापासून आणि घाईपासून दूर राहणे हे सर्वांचे मूळ मानले आहे. सव्वीस हजार दिवसांच्या नव्हे, बावीसशेहून अधिक वर्षांच्या अंतरावरून ही यादी वाचताना आम्हांस तिचे नवल वाटते. अन्याय करणारा दुष्टच असतो असे तीत गृहीत धरलेले नाही. थकलेला, कंटाळलेला, घाईत असलेला सामान्य माणूसही निरपराध्याचा जीव घेऊ शकतो, हे त्या राजाने ओळखले होते.

या विचाराची परिणती चौथ्या स्तंभलेखात दिसते. राज्याभिषेकाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. लाखो लोकांवर नेमलेल्या रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना न्यायदानात स्वातंत्र्य देण्यात आले. त्याचबरोबर व्यवहारात आणि दंडात समता असावी, असे बंधन घालण्यात आले. एकाच गुन्ह्यासाठी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी शिक्षा देणाऱ्या वर्णाधिष्ठित न्यायाच्या पार्श्वभूमीवर दंडसमता या शब्दाचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पुढची तरतूद अशी : ज्यांना मृत्युदंड ठरला आहे, अशा बंदिवानांना तीन दिवसांची मुदत मिळावी. त्या अवधीत आप्तांनी त्यांच्या जिवासाठी अधिकाऱ्यांकडे रदबदली करावी. रदबदली करणारे कोणी नसेल, तर बंदिवानाने दान वा उपवास करून परलोकाची तयारी करावी.

तीन दिवस म्हणजे फार नव्हे. परंतु मृत्युदंड हा असा निर्णय आहे की तो अमलात आल्यावर चूक दुरुस्त करायला जागा उरत नाही. दंड घेतला तर परत करता येतो, तुरुंगातला माणूस सोडता येतो. गेलेला जीव कोणालाही आणता येत नाही. म्हणून निर्णय आणि अंमल यांच्यामध्ये वेळ ठेवावा, आणि त्या वेळात दंडिताच्या बाजूने बोलणाऱ्याला दार उघडे असावे, हे तत्त्व त्या तीन दिवसांत सामावले आहे. पाचव्या स्तंभलेखानुसार त्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिवानांची मुक्तता झाली होती.

अशोकांनी मृत्युदंड रद्द केला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला आप्त नाहीत, त्याच्या वाट्याला त्या तीन दिवसांत केवळ उपवास येई. गरिबाला आणि एकाकी माणसाला न्यायाच्या दारी कोणी बोलणारा नसतो, हे दुखणे आजचे नाही. सम्राटांच्या थोरवीला या मर्यादेने बाध येत नाही. पुढच्या पिढ्यांसाठी काम कोठे उरले, ते त्यामुळे कळते.

ते काम पुढे नेणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा की नसावा, ही चर्चा चालली होती. त्या वेळी बाबासाहेबांनी, मृत्युदंड मुळातच रद्द करण्यास आपला पाठिंबा राहील, असे मत मांडले. अहिंसा लोक आचरणात पाळत नसले तरी नैतिक आदेश म्हणून हा देश ती मानतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे ते मत कायद्यात उतरले नाही. मात्र उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून मृत्युदंड दिल्यास सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क अनुच्छेद १३४ ने मिळाला, आणि दयेच्या अर्जाची तरतूद अनुच्छेद ७२ व १६१ मध्ये आली. अशोकांच्या स्तंभावरील सिंह २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाची राजमुद्रा झाले. त्या मुद्रेखाली काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर त्या तीन दिवसांचेही दायित्व आहे, असे आम्ही मानतो.

इ. स. पू. २३२ च्या सुमारास सम्राटांचे निधन झाले. त्यांचे राज्य पुढे अर्ध्या शतकात लयाला गेले. लिपीही लोक विसरले आणि १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडेपर्यंत हे दगड मुके राहिले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी पोलीस अधिकारी, कोणी वकील, कोणी न्यायाधीश. कधी तरी दुसऱ्याचा जीव त्यांच्या निर्णयावर अवलंबून राहील. त्या दिवशी त्यांनी आपण संतापलेले आहोत काय, थकलेले आहोत काय, घाईत आहोत काय, हे आधी स्वतःला विचारावे. समोरच्याच्या वतीने बोलणारे कोणी नसेल, तर ते काम आपले समजावे. चौथ्या स्तंभलेखात सम्राटांनी रज्जुकांची तुलना कुशल दाईशी केली आहे; मूल जाणत्या दाईच्या हाती सोपवून आईबाप निर्धास्त होतात, तशी प्रजा आपण त्यांच्या हाती सोपवली आहे, असा त्याचा भाव आहे. निवासी शाळेत लेकरे सोपवून घरी परतणाऱ्या आईबापांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही, आणि त्या लेकरांना सांभाळणाऱ्या आम्हां शिक्षकांना ती विसरून चालत नाही.