तुकोबारायांनी बुडविलेली खते

श्रीतुकोबारायांचे घराणे देहूचे महाजन, सावकारी पिढीजात. इ.स. १६३० च्या दुष्काळात व्यापार बुडाला, प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. पुढे, संतचरित्रे सांगतात, त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा त्यांच्या हवाली केला, आपला इंद्रायणीत सोडला. देणेकरी मोकळे झाले.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या भाविकहो, ती दया थोडी कायद्यातही आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० मजुराचे राहते घर, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळते. पण घर गहाण टाकले की हे कवच गळते. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावता, ताबा घेऊ शकते. म्हणून आम्ही सांगतो, बाबांनो, सहीआधी गहाणखत नीट वाचून घ्या. खत बुडविणे धनकोच्याच हाती असते.