शिगेयोशी सुझुकी

शिगेयोशी सुझुकी (१३ ऑक्टोबर, इ.स. १९०२ – २० डिसेंबर, इ.स. १९७१) हे जपानी फुटबॉल खेळाडू व प्रशिक्षक होते. इ.स. १९२७ साली जपानच्या राष्ट्रीय संघाने आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला विजय मिळवला तेव्हा ते संघाचे कर्णधार होते. इ.स. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानने स्वीडनचा पराभव केला, त्या संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते.

प्रारंभिक जीवन

सुझुकी यांचा जन्म फुकुशिमा प्रांतात झाला. तोक्योच्या वासेदा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पूर्वतयारी विद्यालयात शिकत असताना ते फुटबॉलकडे वळले. त्या काळी जपानमध्ये हा खेळ मुख्यतः शाळा-महाविद्यालयांपुरता मर्यादित होता. चेंडू जोराने पुढे मारावा आणि त्यामागे धावावे, एवढीच बहुतेक संघांची पद्धत होती.

या विद्यालयाच्या संघाला चॉ दिन नावाचा ब्रह्मी तरुण मार्गदर्शक म्हणून लाभला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि चॉ दिन तांत्रिक शिक्षणासाठी तोक्योत आला होता. चेंडूला पायाच्या कोणत्या भागाने स्पर्श करावा, शरीराचा तोल कसा राखावा, सहकाऱ्याला जवळचा पास केव्हा द्यावा हे तो कारणांसह समजावून सांगत असे. त्याच्या शिकवणीनंतर या संघाने उच्च विद्यालयांच्या अखिल जपान स्पर्धेची पहिली दोन अजिंक्यपदे मिळवली. सप्टेंबर १९२३ मधील कांतो भूकंपानंतर चॉ दिनने जपानभर फिरून फुटबॉलचे धडे दिले. आखूड पासांवर आधारलेल्या ज्या खेळाला पुढे जपानी शैली म्हटले गेले, तिची मुळे बऱ्याच अंशी या परदेशी विद्यार्थ्याच्या शिकवणीत सापडतात.

पुढे वासेदा विद्यापीठाचा फुटबॉल संघ इ.स. १९२४ साली उभा राहिला. त्याच्या उभारणीत सुझुकी यांचा वाटा मोठा होता.

खेळाडू म्हणून कारकीर्द

इ.स. १९२७ साली शांघाय येथे अतिपूर्व क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांत जपानचे प्रतिनिधित्व करणारा संघ प्रामुख्याने वासेदाच्या आजी-माजी खेळाडूंचा होता. चीनविरुद्धचा सामना जपानने १–५ असा गमावला. मात्र २९ ऑगस्ट रोजी फिलिपिन्सवर २–१ असा विजय मिळवला. सुझुकी यांची राष्ट्रीय संघातील कारकीर्द या दोन सामन्यांपुरतीच राहिली.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

इ.स. १९३० च्या तोक्यो येथील अतिपूर्व क्रीडास्पर्धांसाठी एखाद्या क्लबला न पाठवता देशभरातून खेळाडू निवडण्यात आले. या संघाचे प्रशिक्षकपद सुझुकी यांच्याकडे आले, तेव्हा ते अवघ्या २७ वर्षांचे होते. जपानने फिलिपिन्सचा ७–२ असा पराभव केला व चीनशी ३–३ अशी बरोबरी साधून अजिंक्यपद विभागून मिळवले. या संघातून खेळलेले शिगेमारू ताकेनोकोशी पुढे बर्लिनमध्ये सुझुकी यांचे सहायक झाले.

बर्लिन ऑलिंपिक

बर्लिनला जाणाऱ्या संघात वासेदाच्या खेळाडूंचा भरणा होता. ही निवड निर्विवाद नव्हती. आदल्या वर्षी, इ.स. १९३५ मध्ये, अखिल जपान अजिंक्यपद जपानच्या ताब्यातील कोरियामधील क्योंगसोंग (आजचे सोल) येथील संघाने जिंकले होते. तरीही बर्लिनला गेलेल्या संघात किम योंग-सिक हे एकच कोरियन खेळाडू होते. हा अन्याय कोरियात दीर्घकाळ बोलला गेला.

सैबेरियामार्गे रेल्वेने संघ ऑलिंपिकच्या बराच आधी बर्लिनला पोहोचला. तेथील स्थानिक क्लबांशी झालेले सरावसामने जपानने एकामागून एक गमावले. पराभवापेक्षाही त्याचे कारण अधिक चिंताजनक होते. इ.स. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलल्यानंतर युरोपातील संघ दोनऐवजी तीन बचावपटू ठेवू लागले होते. मधला हाफ खेळाडू मागे येऊन प्रतिस्पर्धी सेंटर फॉरवर्डला रोखत असे. जपानी संघाने मात्र घरी सगळी तयारी जुन्या दोन बचावपटूंच्या रचनेवर केली होती.

अशा वेळी ओळखीच्या पद्धतीला चिकटून राहणे अधिक सुरक्षित वाटले असते. सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. हाती उरलेल्या थोड्या दिवसांत त्यांनी संघाला तीन बचावपटूंची रचना शिकवली. आक्रमणात मात्र आखूड पासांचा जुनाच खेळ कायम ठेवला. प्रतिस्पर्ध्यांकडूनच घेतलेली ही रचना संघाने मोठ्या सामन्यात पहिल्यांदा वापरली ती थेट स्वीडनविरुद्ध, आणि स्वीडन संभाव्य विजेत्यांपैकी एक मानला जात होता.

४ ऑगस्ट, इ.स. १९३६ रोजी हर्था मैदानावर झालेल्या या सामन्यात मध्यंतरापर्यंत स्वीडन २–० असा पुढे होता. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ताइझो कावामोतो यांनी एक गोल फेडला. त्यानंतर तोकुतारो उकोन यांनी बरोबरी साधली. शेवटची काही मिनिटे उरली असताना अकिरा मात्सुनागा यांनी तिसरा गोल केला. अखेरच्या टप्प्यातील स्वीडनचे हल्ले गोलरक्षक रिहेई सानो आणि बचावफळीने परतवले. हा विजय पुढे बर्लिनचा चमत्कार म्हणून ओळखला जाऊ लागला. स्वीडनच्या रेडिओवर समालोचक स्वेन येरिंग यांनी जपानी खेळाडूंचा वारंवार केलेला उल्लेख तेथील लोकांच्या कायम स्मरणात राहिला.

तीनच दिवसांनी उपांत्यपूर्व फेरीत इटलीने जपानचा ८–० असा धुव्वा उडवला. इटलीने पुढे सुवर्णपदकही जिंकले. स्वीडनविरुद्धच्या सामन्यातील दमणूक या पराभवाला काही प्रमाणात कारणीभूत असली, तरी दोन्ही संघांच्या दर्जातील अंतरही स्पष्ट होते.

युद्ध आणि नंतरचा काळ

पुढील ऑलिंपिक इ.स. १९४० साली तोक्यो येथे व्हावयाचे होते. मात्र चीनशी युद्ध सुरू झाल्यावर जपानने इ.स. १९३८ मध्ये यजमानपद सोडले. त्यामुळे बर्लिनमध्ये शिकलेले घरच्या मैदानावर आजमावण्याची संधी त्या संघाला मिळाली नाही. विजयी गोल करणारे मात्सुनागा ग्वादालकनाल येथे, तर बरोबरीचा गोल करणारे उकोन बूगनव्हिल बेटावर मारले गेले. कर्णधार तेइझो ताकेउची यांचा मृत्यू इ.स. १९४६ साली सैबेरियात युद्धकैदी असताना झाला. जपानचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये पुन्हा उतरला तो थेट इ.स. १९५६ साली मेलबर्न येथे.

इ.स. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने फुटबॉलचे कांस्यपदक जिंकले तेव्हा सुझुकी हयात होते. २० डिसेंबर, इ.स. १९७१ रोजी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इ.स. २००५ साली त्यांचा जपानी फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला.