मौलाना आझादांचे नगरच्या किल्ल्यातील दिवस

रमजानच्या पहाटे वाशिम, मंगरुळपीर, कारंजा, रिसोडच्या मोहल्ल्यांत तीन-साडेतीनलाच दिवे लागतात. सहरीची घाई, चुलीवरचा चहा, शेजाऱ्याला मारलेली हाक. नेमक्या याच वेळी, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यातील एका खोलीत एक कैदी रोज उठत असे आणि स्वतःच्या हाताने चहा करीत असे. रमजान असो वा नसो, त्याचा हा नेम चुकत नसे. हा कैदी म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद.

दरवर्षी ११ नोव्हेंबरला शाळांत राष्ट्रीय शिक्षण दिन होतो, मौलानांच्या तसबिरीला हार घातला जातो. स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री एवढी त्यांची ओळख सर्वांना असते. पण हा माणूस उभा कसा राहिला, हे त्या तसबिरीतून कळत नाही.

जन्म मक्केचा, १८८८ चा. वाढले कलकत्त्यात. १९१२ मध्ये ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक काढले, ते सरकारच्या डोळ्यांत खुपले आणि दोन वर्षांत अनामत जप्त होऊन बंद पडले. दुसरे पत्र काढले, तर १९१६ मध्ये बंगालमधूनच हद्दपारी झाली आणि पुढची साडेतीन वर्षे रांचीत नजरकैद. तिथे कुरआनच्या भाषांतराचे व भाष्याचे काम हाती घेतले. पुढे १९२१ च्या अटकेत पोलिसांनी घरातील हस्तलिखिते उचलून नेली. परत मिळाली ती फाटकी, विस्कटलेली, कामातून गेलेली. वर्षांची मेहनत अशी मातीत गेल्यावर कोणाचेही हात गळतील. मौलानांचेही काही काळ गळालेच; ते लगेच कामाला लागले असे सांगणे खोटे ठरेल. बरीच वर्षे मध्ये गेली, मग त्यांनी ते काम पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतले. तोच त्यांचा ‘तर्जुमानुल कुरआन’.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला तेव्हा मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना पकडले आणि रेल्वेने नगरला आणले. सोबत नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे कार्यकारिणीचे सहकारी. सुरुवातीला ना वर्तमानपत्र, ना घरचे पत्र. आपण कोठे आहोत हेही बाहेर कळवायची मुभा नव्हती. या किल्ल्यात त्यांचे तीन रमजान आले आणि गेले.

मौलानांनी इथे एक युक्ती केली. अलीगढकडील मित्र नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावे ते पहाटे पत्रे लिहू लागले. पत्रे टाकता येणार नाहीत हे ठाऊक होते, तरी लिहीत राहिले. तीच पुढे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत राजकारण फार थोडे आहे. चहाबद्दल मात्र पाने भरली आहेत. बिनदुधाचा चिनी चहा त्यांना प्रिय. दूध घालून उकळलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. (आपल्याकडे हे मत कोणाला पटणे कठीण!) वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत सात वर्षे आठ महिने तुरुंगात गेल्याचा हिशेबही त्यांत आहे. म्हणजे आयुष्याचा जवळपास सातवा भाग, आठवड्याच्या सुट्टीसारखा, असा विनोदही त्यांनी स्वतःवर करून घेतला.

किल्ल्याचे अंगण उजाड होते. कैद्यांनी मिळून ते खणले, वाफे केले, पुण्याहून बियाणे मागवले, आणि काही महिन्यांत तिथे फुले डोलू लागली. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधली होती. आधी त्यांनी बांबू घेऊन त्यांच्याशी चक्क युद्ध पुकारले. चिमण्या हटेनात, तेव्हा तह केला, तांदळाचे दाणे ठेवले. हळूहळू त्या तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. मग त्यांची नावे पडली. एक मोती, एक मुल्ला, आणि एक बेफिकीर पक्षी कलंदर. मंगरुळपीरच्या दादा हयात कलंदरांमुळे हा शब्द आपल्या जिल्ह्याला परका नाही.

आनंदी राहणे ही नुसती स्वतःची गरज नसून दुसऱ्यांबद्दलचे कर्तव्य आहे, असे मौलाना मानत. घरातला एक जण तोंड पाडून बसला की सगळे घर उदास होते. धर्मनिष्ठ माणसाचा चेहरा कोरडा, आंबटच असला पाहिजे ही समजूतही त्यांना मान्य नव्हती. पण हे म्हणणे किती महाग पडते, याची परीक्षा १९४३ च्या वसंतात झाली.

कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आधीपासूनच आजारी होत्या. मुंबईला निघताना त्या दारापर्यंत निरोप द्यायला आल्या होत्या. मार्चअखेरीस त्यांची प्रकृती गंभीर असल्याची तार आली. तुरुंग अधिकाऱ्याने सुचवले की सरकारकडे काही मागणे असेल तर लगेच पोहोचवतो. नेहरूही येऊन बराच वेळ बोलले. मौलानांनी या सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. हा निर्णय बरोबर होता का, यावर आजही मतभेद होऊ शकतात. तिकडे अंथरुणावर असलेल्या बेगमना कोणी विचारले नव्हते.

त्या दिवसांत त्यांनी दिनक्रम तसूभर बदलला नाही. वेळेवर उठणे, वेळेवर सर्वांसोबत जेवायला बसणे. दुपारी अधिकारी वर्तमानपत्र घेऊन येई. त्याची पावले वाजली की मौलानांचे काळीज धडधडे, आज काय बातमी असेल म्हणून. पण ते दाराकडे पाठ करून लिहीत बसत, हसून पत्र टेबलावर ठेवायची खूण करीत, आणि थोडे थांबूनच उघडत. हा बराचसा देखावा होता, आत मन पोखरले जात होते आणि घास गिळवत नव्हता, हे त्यांनी त्याच पत्रांत प्रांजळपणे कबूल केले आहे. सब्र म्हणजे दुःख न होणे, असे त्यांनी कधी भासवले नाही.

९ एप्रिलला दुपारी तार आली. बेगम गेल्या होत्या. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कोणाची ते ठाऊक नाही. तिच्याकडे रोज नजर जाई, त्या दिवसापासून ती त्यांना वेगळी दिसू लागली. तीनच महिन्यांनी भोपाळहून बहीण आबरू बेगम यांच्या निधनाची बातमी आली. शरीराने मात्र हिशेब ठेवला होता. किल्ल्यात आले तेव्हा त्यांचे वजन १७० पौंड होते, निघताना १३० उरले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना बंगालमधील बांकुरा येथे हलवले आणि १५ जूनला सुटका झाली. हावडा स्थानकावर माणसांचा समुद्र लोटला होता, मोटार हारांनी भरून गेली. पुलावरून जाताना मौलानांना तीन वर्षांपूर्वीचा दारातला निरोप आठवला. घरी जाण्याआधी मोटार कब्रस्तानाकडे वळवायला त्यांनी सांगितले. तिथे गळ्यात पडलेल्या हारांतला एक उचलून कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढला.